चातुर्मासात रोज एक छायाचित्र: विषय कसा ठरवावा?

अंतरपाट

नमस्कार. मी कोथरूडला राहते आणि लग्न-मुंजींची छायाचित्रे काढणे हा माझा व्यवसाय आहे. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारा हंगाम आषाढाच्या तोंडापर्यंत चालतो. सीमंतपूजनापासून सुनमुखापर्यंत कोणत्या विधीला कुठे उभे राहायचे, कोणती लेन्स लावायची आणि बटण नेमके केव्हा दाबायचे, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की अंतरपाट दूर होताना वधूवरांचे चेहरे नीट न्याहाळण्याआधीच बोट आपले काम करून मोकळे होते. कामाविषयी कोणाची तक्रार नाही. उलट एका घरातले लग्न झाले की त्याच घरातली मुंजही बहुधा माझ्याकडेच येते. तरीही यंदाचे अल्बम लावताना असे दिसले की दोन घरांतल्या लग्नांची पाने शेजारी ठेवली, तर शालू आणि पैठण्यांचे रंग वगळता त्यांत वेगळे काही उरत नाही. ज्या उत्सुकतेपोटी मी छायाचित्रणाकडे वळले, ती कामाच्या सफाईखाली दबून गेली आहे आणि ती पुन्हा जागी व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

चातुर्मासात काढीव मुहूर्तांची तुरळक कामे सोडली तर मला उसंत असते. माझ्या सासूबाई दरवर्षी आषाढी एकादशीला एखादा नेम धरतात आणि कार्तिकीपर्यंत तो निष्ठेने पाळतात. यंदा मीही तसाच एक नेम धरावा, रोज एक छायाचित्र काढावे आणि ते एकाच विषयाचे असावे, असा विचार आहे. अधिक मास मध्ये आला नाही तर एकादशी ते एकादशी हा काळ चार चांद्रमासांचा, म्हणजे साधारण ११८ दिवसांचा होतो. मुलाची शाळा आणि घर सांभाळून मला रोज अर्धा-पाऊण तास नक्की देता येईल. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान संवेदकाचा कॅमेरा आहे, ३५ मिलिमीटरची लेन्स आहे आणि मोबाइल तर असतोच.

सध्या चार विषय मनात घोळत आहेत: पाऊस, पुण्यातली देवळे, पिवळा रंग आणि हात. प्रत्येकाविषयी काहीतरी शंका आहे, पण ती नेमकी मांडता येत नाही. ज्यांनी असा उपक्रम केला आहे त्यांनी विषय कशाच्या आधारावर ठरवला, आणि तो इतके दिवस पुरेल हे आधी कसे ओळखले, हे कृपया सविस्तर लिहावे.

मुठाकाठ

ताई, चारही विषयांचा मी तुमच्या जागी स्वतःला ठेवून विचार केला. पाऊस आश्विनात परततो, त्यामुळे शेवटचा महिना-सव्वा महिना तुम्हाला विषयाच्या शोधात काढावा लागेल. देवळांचा विषय सुरुवातीला सुखावह वाटतो, कारण कसबा गणपती, जोगेश्वरी, ओंकारेश्वर, पर्वती अशी नावे भराभर सुचतात. पण रोज नवे देऊळ गाठायचे म्हटले की अर्ध्या-पाऊण तासातला बहुतेक वेळ लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत जातो आणि छायाचित्रासाठी पाच मिनिटे उरतात. पिवळा रंग शोधणे सोपे आहे, रिक्षा आणि शेवंतीचे ढीग कुठेही भेटतात, पण त्या शोधात नजर फक्त रंगावर थांबते आणि त्यावर पडलेल्या प्रकाशाकडे दुर्लक्ष होते. हात हा विषय मला मोलाचा वाटतो, तरी तुम्ही तो घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. मेंदी, कंकण, लाजाहोमात ओंजळीला लावलेली ओंजळ, हे तुम्ही वर्षभर टिपत असता. ज्या हालचाली अंगवळणी पडल्या आहेत त्यांपासून दूर नेणारा विषय तुम्हाला हवा आहे.

विषय निवडताना मी दोन गोष्टी पाहतो. तो रोजच्या वाटेवर भेटला पाहिजे. म्हणजे मुलाला शाळेत सोडताना, भाजी आणताना, आजारी असाल तर घराच्या घरातही. आणि त्याने माझे पर्याय कमी केले पाहिजेत. सर्व पुणे शहर समोर असताना माणूस ओळखीच्याच गोष्टीकडे वळतो, कारण निवड करण्याचा ताण तिथे सर्वांत कमी असतो. पर्याय उरलेच नाहीत की मगच आपण कोन बदलून, खाली बसून, वेळ बदलून पाहू लागतो.

माझा स्वतःचा विषय सावली हा होता आणि तो मी वर्षभर चालवला. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. मे महिन्यातल्या त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. जुलैमधला दिवस बहुधा ढगांत जातो. या दोन दिवसांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र त्याच खांबाची दुपारची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ नऊ दशांश लांबीची असते. इतकी वर्षे या शहरात राहून हे मी पुस्तकी माहिती म्हणून जाणत होतो. सावलीचा नेम धरल्यावर आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबाची सावली कोणत्या महिन्यात कोणाच्या फाटकापर्यंत पोहोचते, हे मला घड्याळासारखे कळू लागले. पावसाळ्यात सावली पुसट होते तेव्हा मला वाटले होते की विषय आटला. पण ढगाळ उजेडात भिंतीला टेकवलेल्या सायकलीच्या मागे जी मऊ, कडा नसलेली काळोखी दिसते, ती पाहायला मी त्याच काळात शिकलो.

मोबाइल वापरणार असाल तर एक सूचना आहे. मोबाइलचे कॅमेरे अनेक छायांकने एकत्र करून सावलीचा भाग आपोआप उजळवतात आणि आकाश फिके पडू देत नाहीत. त्यामुळे समोर दिसणारा काळोख छायाचित्रात उतरत नाही. पडद्यावर उजळ भागावर बोट दाबून ठेवा, उजेड तिथे कायम करा आणि मग तो हाताने खाली आणा.

विषय अरुंद असला तर लवकर संपेल ही भीती अनेकांना वाटते. चेक छायाचित्रकार जोसेफ सुदेक यांचे उदाहरण मला यासाठी महत्त्वाचे वाटते. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता. दुसऱ्या महायुद्धात प्राग शहर नाझींच्या ताब्यात असताना रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरणे अवघड झाले, तेव्हा ते आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून छायाचित्रे काढू लागले आणि १९४० ते १९५४ या काळात त्या एकाच खिडकीवर परतून येत राहिले. काचेवर साचलेले दव, थेंब, बर्फाची नक्षी आणि पलीकडचे एक वाकडे झाड, एवढ्याच सामग्रीवर ती मालिका उभी आहे. खिडकी तीच होती. काच रोज वेगळी होती.

कसब्यातली

मुठाकाठ यांनी विषयाच्या अरुंदपणाविषयी जे लिहिले आहे त्याला माझा दुजोरा आहे, आणि त्यात एक भर घालावीशी वाटते. विषयाबरोबर मांडणीही ठरवून घ्या. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून अनेक दशके पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांची छायाचित्रे काढली. प्रत्येक वास्तू समोरून, मध्यभागी, ढगाळ आकाशाखाली आणि कृष्णधवल रंगांत टिपायची, हा नियम त्यांनी सोडला नाही. ती छायाचित्रे चौकटींच्या जाळ्यात शेजारी शेजारी लावली की एका टाकीचा पाय दुसरीपेक्षा किती वेगळा आहे, हे न सांगता दिसते. बाकी सगळे सारखे ठेवल्यामुळेच हा फरक ठळक होतो. बेखर ज्या ढगाळ प्रकाशाची वाट पाहत, तो आपल्याकडे आषाढापासून भाद्रपदापर्यंत जवळजवळ रोज फुकट मिळतो, हे चातुर्मासात नेम धरणाऱ्याचे भाग्यच म्हणायला हवे.

मी कसबा पेठेत राहते. इथल्या वाड्यांचे दरवाजे हा माझा विषय होता: दिंडी दरवाजा, गणेशपट्टी, कडी-कोयंडे, बाजूच्या देवळ्या. त्यातले काही वाडे आता पुनर्विकासासाठी उतरवले गेले आहेत. एका दरवाजाची फळी लाकूडबाजारात गेली तेव्हा माझ्याकडे तिचे पूर्ण चित्र होते याचे मला समाधान वाटले, आणि त्या वाड्यातल्या कुटुंबाने मागून घेतलेली प्रत आज त्यांच्या नव्या सदनिकेच्या दिवाणखान्यात आहे. तुम्हीही दरवाजांचा विचार करावा, असे सुचवते.

तंत्राविषयी थोडेसे. वाड्यांचे जोते आणि पायऱ्या काळ्या पाषाणाच्या असतात आणि तो भिजला की आणखी काळा होतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे ओला दगड चौकटीत मोठा आला तर तो धुऊन निघाल्यासारखा राखाडी उमटतो. अशा वेळी उजेड साधारण एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी करावा. पालखीच्या दिवशी पांढऱ्या धोतरांची रांग चौकटभर असेल तर नेमके उलट करावे.

आमच्याजवळच तांबट आळी आहे. तिथे मठारकाम केलेला हंडा ढगाळ उजेडात दाराशी ठेवलेला असतो तेव्हा हातोडीच्या प्रत्येक ठोक्याचा खळगा उजेडाची एकेक बारीक कोर धरून बसतो. हंडा जरा फिरवला की सगळ्या कोरी एकदम दुसऱ्या कडेला जातात. ऊन असते तेव्हा हे दिसत नाही, सगळा हंडा एका जागी लखलखतो आणि बाकी काळा राहतो. हे तुमच्या विषयाशी थेट जोडलेले नाही, पण पावसाळी उजेडाला कंटाळवाणे म्हणणाऱ्यांना मी हा हंडा आवर्जून दाखवते.

सवड

माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते विरोधासाठी विरोध म्हणून मांडत नाही. आपण सर्वजण विषयावर बोलत आहोत, पण खरी कसोटी ‘रोज’ या अटीची आहे. घरात मूल तापाने फणफणले आहे, पाहुणे उतरले आहेत, भिडे पूल पाण्याखाली गेल्यामुळे सगळी वाहतूक दुसऱ्या पुलांवर आली आहे, अशा दिवशी रात्री अकरा वाजता टेबलावरच्या पेल्याचे छायाचित्र काढून नेम पूर्ण केल्याचे समाधान मिळवता येते, पण त्यातून सर्जनशीलता वाढते असे मला वाटत नाही. आठवड्यातून तीन दिवस ठरवून, निवांत बाहेर पडून केलेले काम अधिक खोल होते. रोजचाच आग्रह असेल, तर ज्या दिवशी छायाचित्र शक्य नसेल त्या दिवशी न टिपलेल्या चौकटीचे दोन-तीन ओळींत वर्णन लिहून ठेवावे: उजेड कुठून येत होता, मी कुठे उभा राहिलो असतो, चौकटीच्या कडेला काय कापले गेले असते. माझ्या वहीतली अशी वर्णने मला पुढे अनेकदा उपयोगी पडली आहेत.

मुठाकाठ

वहीची सूचना उत्तम आहे आणि ती मी स्वतः अमलात आणणार आहे. तीन दिवसांच्या बाबतीत मात्र सहमत होता येत नाही. जेमी लिव्हिंग्स्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड छायाचित्र काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या मृत्यूच्या दिवसापर्यंत, तो क्रम चालू ठेवला. सहा हजारांहून अधिक छायाचित्रांचा तो संग्रह आहे. त्यांना विषयाचे बंधन नव्हते, बंधन होते ते दिवसाला एकाच छायाचित्राचे. पोलरॉइडची दहा छायाचित्रांची पेटी महाग असे आणि एकदा बटण दाबले की कागद बाहेर येई, म्हणून तो क्षण निवडावा लागत असे. त्या संग्रहात टेबलावरचे उरलेले जेवण आहे, मित्रांचे हसणे आहे आणि शेवटी रुग्णालयही आहे. यांतली अनेक छायाचित्रे सुटी पाहिली तर सामान्य वाटतील. रोजच्या क्रमात ठेवल्यावर त्यांना जो अर्थ येतो, तो आठवड्यातल्या तीन निवडक दिवसांतून आला नसता असे मला वाटते. थकलेल्या दिवसाचे छायाचित्रही त्या नेमाचाच भाग आहे, आणि अंतरपाट ताईंना तर त्याची विशेष गरज आहे, कारण व्यवसायात त्यांना सामान्य छायाचित्र काढण्याची मुभाच नसते.

अंतरपाट

सर्वांचे मनापासून आभार. कालपासून मी तुमचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचत आहे. दरवाजांचा विषय मला फार आवडला, परंतु कोथरूडमध्ये एकाच साच्याचे सदनिकांचे दरवाजे आहेत आणि कसब्यात मला रोज येता येणार नाही. आज सकाळी सासूबाई दारात रांगोळी काढत होत्या तेव्हा दरवाजाचा जो भाग प्रत्येक घराला असतोच, तो समोर आला. मी उंबरठा हा विषय घ्यायचे ठरवले आहे.

आमच्या सदनिकेचा उंबरठा म्हणजे काळ्या ग्रॅनाइटची चार बोटे रुंद पट्टी आहे. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटे असतात, बाहेर ओल्या चपला असतात, आत मुलाच्या पावलांचे पाणी असते. शिवाय चातुर्मासातले बहुतेक सण उंबरठ्यावरूनच घरात येतात. गणपती आणणाऱ्याच्या पायांवर दूध-पाणी घालून त्याला दारातच ओवाळतात. गौरी येतात त्या दिवशी उंबरठ्यापासून आतपर्यंत पावले उमटवतात आणि ‘गौरी आली, सोन्याच्या पावलांनी आली’ असे म्हणतात. दसऱ्याला झेंडूचे तोरण लागते, दिवाळीला पणत्या. सणांच्या मधल्या साध्या दिवशीही दूधवाला, कुरिअरचा मुलगा, शेजारची मांजर यांची ये-जा चालू असतेच. दुकानांचे, शाळेचे, किराणा मालाच्या गोदामाचे उंबरठेही वाटेवर आहेत.

आता तीन प्रश्न उरले आहेत. सणांची छायाचित्रे पुन्हा माझ्या लग्नाच्या छायाचित्रांसारखी सजवलेली होतील का, ही मला काळजी आहे. कसब्यातली ताईंनी म्हटल्याप्रमाणे मांडणीचा नियम कोणता ठेवावा? आणि रोजचे छायाचित्र त्याच दिवशी समाजमाध्यमांवर टाकावे का?

कसब्यातली

विषय वाचून मला अतिशय आनंद झाला. दरवाजांच्या मागे लागून इतकी वर्षे मी उंबरठ्यावरून पलीकडे जात राहिले, आणि तो स्वतंत्र विषय होऊ शकतो हे तुम्ही दाखवून दिलेत.

उंबरठ्याचे वैशिष्ट्य असे की तिथे प्रकाश जवळजवळ नेहमीच एका दिशेने, म्हणजे बाहेरून येतो. आतला आणि बाहेरचा उजेड यांत दिवसा चार-पाच स्टॉपचा फरक सहज असतो, आणि म्हणून तुम्ही कोणत्या बाजूला उभ्या आहात यावर सगळे अवलंबून राहते. बाहेर उभे राहून बाहेरच्या उजेडाचे माप धरले तर आतले घर काळोखात बुडते आणि उंबरठ्यावरची वस्तू त्या काळोखावर स्वच्छ उठून दिसते. आत उभे राहिलात तर येणारा माणूस केवळ आकृती होतो आणि ओल्या फरशीवर त्याचे प्रतिबिंब चमकते. रांगोळीच्या बाबतीत वरून सरळ खाली छायाचित्र घेण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास ती कागदावर छापलेली वाटते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणून दाराच्या एका अंगाने पाहिले तर चिमटीतून सुटलेल्या रेषेची उंची दिसते, तिच्या एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला बारीक सावली असते, आणि बोट जिथे थबकले तिथे रेषा किंचित जाड झालेली कळते. सासूबाईंचा हात ओळखू येईल इतके ते जवळचे असते.

त्यामुळे नियम म्हणून मी तुम्हाला हे सुचवेन: लेन्स तीच ३५ मिलिमीटरची, जी तुमच्या कॅमेऱ्यावर साधारण ५० मिलिमीटरचे दृश्य देते; कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर; आणि उंबरठ्याची रेषा चौकटीत आडवी, संपूर्ण, सुमारे खालच्या तिसऱ्या भागात. बाजू मात्र रोज तुम्ही ठरवा. ढगाळ सकाळी ८०० आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता), एफ ४ (लेन्सचे छिद्र) आणि सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग यांपासून सुरुवात केलीत तर फारसे फिरवावे लागणार नाही. सणांविषयीच्या काळजीचे उत्तर या उंचीतच आहे. गुडघ्याच्या पातळीवरून सजावट आणि चेहरे बहुतेक बाहेर राहतात. दूध-पाण्यात भिजलेली पावले, धोतराचा काठ आणि फरशीवर पसरणारे पाणी एवढेच चौकटीत येते. लग्नात तुम्ही कधी या उंचीवर उभ्या राहिला असाल असे वाटत नाही.

वाड्यांचे लाकडी उंबरठेही एकदा जरूर पाहा. पिढ्यान्‌पिढ्या पावले पडून ते मधोमध झिजलेले असतात आणि पावसाळी दिवशी त्या खोलगट भागात उजेड साचल्यासारखा दिसतो. परवानगी मागताना लहान मुले आणि स्त्रिया चौकटीत येणार असतील तर आधी स्पष्ट बोलून घ्या, आणि नंतर छापील प्रत नेऊन द्या. खडकी आणि पुणे छावणीच्या भागात संरक्षण खात्याच्या आवारांजवळ छायाचित्रणाला मनाई असते, तिकडे कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

कृष्णधवल

मी अनेक वर्षे छायाचित्रांची प्रयोगशाळा चालवली. आता निवृत्त आहे. समाजमाध्यमांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ इच्छितो, कारण असे उपक्रम ज्या ठिकाणी ढासळतात ते ठिकाण मी लोकांच्या छापांवरून पाहत आलो आहे. रोजचे छायाचित्र त्याच दिवशी लोकांसमोर ठेवले की दोन-चार दिवसांत कोणत्या प्रकाराला अधिक दाद मिळते ते कळते, आणि पाचव्या दिवसापासून हात त्या प्रकाराकडे झुकू लागतो. तुमचा व्यवसाय आधीच यजमानांच्या पसंतीवर चालतो. हे चार महिने तरी ती पसंती दाराबाहेर ठेवावी, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. कार्तिकीनंतर हवे तितके प्रसिद्ध करा.

त्याऐवजी दर आठवड्याला सात छायाचित्रे छापून घ्या. चार बाय सहा इंचांचा छाप परवडणारा असतो, आणि तुमच्या कॅमेऱ्याची चौकट तीन-दोन प्रमाणाची असेल तर तो न कापता पूर्ण येतो. मोबाइलची चौकट बहुधा चार-तीन प्रमाणाची असते. ती सहा इंच रुंद छापायची तर साडेचार इंच उंची लागते, म्हणून वरखाली मिळून अर्धा इंच कापला जातो. उंबरठ्याची रेषा खालच्या कडेजवळ ठेवणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या, किंवा पांढरी पट्टी सोडून पूर्ण चौकट छापायला सांगा. ते सात छाप जेवणाच्या टेबलावर दिवसाच्या क्रमाने मांडा आणि त्यांतला एक निवडा. निवडीचे कारण छापाच्या मागे पेन्सिलीने एका वाक्यात लिहा. ‘चांगला आला आहे’ हे कारण धरू नका. उजेड, अंतर, काय वगळले, काय अनपेक्षित आले, यांपैकी काहीतरी त्या वाक्यात असले पाहिजे. कार्तिकीपर्यंत अशी सुमारे सतरा छायाचित्रे आणि सतरा वाक्ये जमतील. ती वाक्ये ओळीने वाचली की आपण काय पाहू लागलो आहोत हे स्वतःलाच समजते. माझ्या मते या उपक्रमाचे मुख्य फळ तेच आहे. छायाचित्रे त्यासोबत येतात.

उरलेल्या सहा छापांपैकी एकही टाकून देऊ नका. तिसऱ्या आठवड्यात नाकारलेला छाप बाराव्या आठवड्यात सर्वांत जवळचा वाटतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. संगणकावरच्या फाइलींना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नावे द्या म्हणजे त्या आपोआप तारखेप्रमाणे लागतात, आणि एक प्रत घराबाहेर कोणाकडे तरी ठेवा.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागण्याचा धोका असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बाहेरून आल्यावर कॅमेरा लगेच बंद पिशवीत न घालता आधी पंख्याखाली कोरडा होऊ द्यावा आणि मग सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते ओलावा शोषून भरले असे समजावे. मंद आचेवर तापवले की त्याचा रंग परत येतो आणि ते पुन्हा वापरता येते.

अंतरपाट

कृष्णधवल काका, छापाच्या मागे वाक्य लिहिण्याची कल्पना मला सर्वांत अवघड वाटते आहे, आणि म्हणूनच ती मी नक्की पाळणार आहे. सवड यांची वहीही सोबत ठेवीन. ज्या दिवशी कॅमेरा उचलणे अशक्य होईल त्या दिवशी न टिपलेल्या उंबरठ्याचे वर्णन लिहायचे आणि त्याची वेगळी गणना करायची, असे ठरवले आहे. गुडघ्याच्या उंचीचा प्रयोग आज संध्याकाळी करून पाहिला. पावसातून आलेला मुलगा दारात बूट काढत होता. उंबरठ्यावर एक पाय आत, एक बाहेर, आणि मोज्यातून निथळणारे पाणी ग्रॅनाइटच्या पट्टीवरून ओघळत रांगोळीच्या कडेपर्यंत आले होते. रांगोळीचा पांढरा रंग त्या पाण्यात किती दूरवर जातो ते पाहत मी तिथेच बसून राहिले आणि छायाचित्र त्यानंतर घेतले.

सुरुवात आषाढी एकादशीला घरच्याच उंबरठ्यापासून करणार आहे. कसब्यातली ताई, झिजलेले लाकडी उंबरठे पाहण्यासाठी श्रावणातल्या एखाद्या रविवारी आले तर चालेल का? आणि कोणत्या वेळी यावे?

कसब्यातली

अवश्य या. आमच्या शेजारच्या वाड्यातल्या आजींना मी आजच विचारून ठेवते. त्यांचा उंबरठा पूर्वेकडे तोंड करून आहे आणि तो आमच्या आळीतला सर्वांत झिजलेला आहे. सकाळी साडेआठनंतर या, त्याआधी चौकात पाणी भरण्याची गडबड असते. बोळात चारचाकी येत नाही, तेव्हा दुचाकीने किंवा रिक्षाने यावे, आणि गुडघ्यांखाली घ्यायला एखादे जुने पोते किंवा बसकर आणावे, कारण वाड्याच्या पायऱ्या श्रावणभर ओल्याच असतात.